पायरीवर घासलेली धार

सिन्नेने ते काम सकाळी साडेसातला उरकलं, विल्दे न्हाणीघरात दात घासत असताना.

विल्देला पाच वर्षं पूर्ण होऊन आठवडा झाला होता. टेकडीमागे रानात भरणाऱ्या तिच्या बालवाडीत पाच पुरी झाली की पोराला स्वतःचा चाकू मिळतो, मुठीवर तापल्या सळईने नाव कोरलेला. दर गुरुवारी शेकोटीभोवती बसून लाकूड तासायचं. बाकीचे दिवस झाडावर चढायचं, ओढ्याला बांध घालायचा, चिखलात लोळायचं. वर्ग म्हणायला फळ्यांची एक झोपडी होती, तीही वादळापुरती.

हे सगळं सिन्नेने स्वतः निवडलं होतं. थोडा धोका पत्करूनच मूल शहाणं होतं, यावर तिने विद्यापीठात वीस पानी निबंध लिहिला होता. चांगले मार्कही मिळाले होते. पण निबंधाला बोटं नसतात. पोरीचा चाकू पहिल्यांदा दप्तरात जायची वेळ आली, तशी ती मागच्या दगडी पायरीवर उकिडवी बसली आणि पातं पायरीवर आडवं धरून दहा-बारा वेळा खसाखसा घासलं. बोटाने चाचपलं. लोणी लावायची सुरी झाली होती. तिने तो म्यानात सरकवला, पाव-चीजच्या डब्याशेजारी ठेवला, आणि मग कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

साडेअकराला तुरिदचा फोन आला. तुरिद बालवाडीची बाई, साठीची, पण तिथली चिमुरडीसुद्धा तिला तुरिदच म्हणत.

"सिन्ने, विल्दे ठीक आहे, आधी एवढं ऐक. चाकू निसटला, डाव्या अंगठ्याला लागलं. तीन टाके पडलेत. मी तिच्याजवळच आहे, दवाखान्यात." मग जरा थांबून, "चूक माझी आहे. सकाळी जमा केलेल्या प्रत्येक चाकूची धार वाटण्याआधी मी नखावर बघते. आज एका पोराचा बूट दलदलीत रुतला, मी तो उपसत बसले, आणि दोन चाकू तसेच वाटले गेले. तिचा बोथट निघाला. बोथटाला जोर लावावा लागतो, आणि जोर कुठे जाईल ते कुणाच्या हातात नसतं."

"असू दे," सिन्ने म्हणाली.

असू दे! जणू माफ करायचा मान तिचा होता.

संध्याकाळी शेजारची मार्गुन गरम वॅफल घेऊन आली. तिचा मुलगाही त्याच बालवाडीत. "तू कशी गं इतकी शांत? मी असते तर त्या म्हातारीची तक्रार पार वरपर्यंत नेली असती."

"अपघात होता."

"मन मोठं आहे बाई तुझं."

सिन्नेने वॅफलचा तुकडा तोंडात घातला. तो तोंडातच फिरत राहिला.

विल्दे पट्टी बांधलेला हात स्वेटरच्या बाहीत ओढून कोपऱ्यात बसली होती.

"दुखतंय का गं?"

"नाही. माझे हात मठ्ठ आहेत."

"असं कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मी तुरिदने सांगितलं तस्संच केलं. पाय लांब, पातं बाहेरच्या बाजूला. सगळ्यांच्या काठीची साल निघत होती. माझीच निघेना. म्हणून जोर लावला." तिने नाक ओढलं. "चाकू देऊन टाक कुणाला तरी. मला नको."

 सिन्नेने पोरीच्या केसांवरून हात फिरवला. तो हातही तिला परका वाटला.

शनिवारी पालकांचं श्रमदान होतं. बाप लोक झोपडीच्या छपरावर, आया सरपण रचायला, पोरं ओढ्यात. दुपारी सगळे सॉसेज भाजायला शेकोटीभोवती बसले, तेव्हा तुरिद उभी राहिली.

"एक सांगायचंय. गुरुवारचे चाकू मी बंद करतेय. एक सकाळ घाई झाली नि पोरीला टाके पडले. आता माझ्यावर भरवसा नको."

"अगं, मी तुझ्याच हाताखाली शिकलो," शेटिल म्हणाला. तो सुतार. त्याने दोन्ही पंजे वर केले. "दहाच्या दहा आहेत. हवी तर मोजून घे."

सगळे हसले. मार्गुन हसली नाही. "थट्टा पुरे. सिन्ने बोलत नाही म्हणून काय झालं? आईच्या जिवाचं काय झालं असेल! बोल गं सिन्ने, आम्ही आहोत ना पाठीशी."

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या, मऊ, कणव भरलेल्या. रागाच्या असत्या तर तिला परवडल्या असत्या.

"मीच बोथट केला," ती म्हणाली.

"काय?"

"चाकू. मागच्या पायरीवर घासला. तिला लागू नये म्हणून."

कुणाचं तरी सॉसेज जळायला लागलं, पण काठी कुणी फिरवली नाही.

"दगडावर?" शेटिल कळवळून म्हणाला. "नवंकोरं पातं?"

मार्गुन आपल्या बुटांकडे बघू लागली. तुरिद मात्र सिन्नेकडेच बघत होती.

"दोन रात्री मला झोप नाही," ती म्हणाली. "फोनवर का नाही बोललीस?"

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटते."

तुरिदने मान हलवली. माफ केलं असं काही म्हणाली नाही. "माझं मी बघेन. पण जिला सांगायला हवं ती तिकडे आहे."

ओढ्यात पोरांचा बांध अर्धा झाला होता. विल्दे काठावर, पट्टीचा हात खिशात घालून, नुसती बघत होती. सिन्ने तिच्यासमोर चिखलात गुडघ्यांवर बसली.

"विल्दे, तुझे हात मठ्ठ नाहीत. तुझा चाकू मी बिघडवला होता. त्याने कुणालाच साल काढता आली नसती."

विल्देने तिच्याकडे मान वळवली. "मुद्दाम?"

"हो."

"म्हणजे तुला वाटलं, मला जमणार नाही."

सिन्नेजवळ दहा स्पष्टीकरणं होती, सगळी शिकलेली. तिने त्यातलं एकही काढलं नाही.

"हो," ती म्हणाली.

विल्देने खिशातून हात काढला, दोन्ही हातांनी एक दगड कवटाळला आणि पाण्यात उतरली. पट्टी भिजेल, हे सिन्नेच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं.

"तू बाजूला हो," विल्दे मागे न बघता म्हणाली. "आम्हाला जागा पुरत नाही."

सिन्ने उठली. जावं की थांबावं ते तिला कळेना. चार पावलं मागे सरून, गुडघ्यांवरचा चिखल तसाच ठेवून, ती उभी राहिली.