बंधारा मोजणारा जुना टेप

मित्रांनो, मी एक जुना, तीस मीटरचा कापडी टेप आहे. सांगण्यासारखे माझ्याजवळ फार काही नाही. मोजण्यापलीकडे मला काही येत नाही, आणि तेही मी नेहमी बरोबर केले असे छातीठोकपणे म्हणवत नाही. तरी आठवते तेवढे सांगतो.

माझा जन्म सुरतेच्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या पट्टीवर काळे आकडे छापून मला गोल डबीत गुंडाळले आणि शहाद्याच्या एका हार्डवेअरच्या दुकानात पाठवले. तिथून ग्रामपंचायतीने मला विकत घेतले. आमचे गाव म्हसावदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. अर्धी वस्ती खाली सपाटीवर, अर्धी वर पाड्यावर.

गावाने खर्चावर नजर ठेवायला पाच जणांची देखरेख समिती नेमली होती. काम झाले की समितीने ते मोजायचे, मग पाचही जणांनी सही करायची आणि त्यानंतरच ठेकेदाराचे बिल निघायचे. दिल्लीच्या संसदेतही सरकारी खर्च तपासणारी अशी समिती असते आणि तिचे सदस्य दरवर्षी नव्याने निवडतात, असे शाळेतले गुरुजी एकदा सांगत होते. आमच्या समितीत मात्र तीन वर्षे माझे टोक एकाच व्यक्तीच्या हातात असे. ती पाड्यावरची रूपलीबाई. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली. ती घाई करत नसे. शून्याची कडी दगडाला नीट टेकवायची, पीळ काढायची, मग आकडा मोठ्याने वाचायची. काम संपले की पदराने माझा चिखल पुसायची. खालच्या आळीचे गटार कागदापेक्षा अकरा मीटर कमी भरले, ते तिनेच दाखवले आणि पुरे करून घेतले. लोकांनी तिचे कौतुक केले. माझेही थोडे झाले.

त्या वर्षी पाड्याच्या वरच्या नाल्यावर सिमेंटचा बंधारा झाला. पाड्याला विहीर एकच, आणि तीही नाल्याच्या काठची. बंधाऱ्यात पाणी थांबले तर उन्हाळ्यात विहिरीला पाणी राहील, एवढा साधा हिशोब होता. ठेकेदार नवनीत हा सरपंच योगेंद्रभाऊंचा शालक. मार्च संपण्याआधी बिल निघायला हवे होते. म्हणून योगेंद्रभाऊंनी होळीच्या आठवड्यात, भोंगऱ्या बाजाराच्याच दिवशी ग्रामसभा बोलावली. त्या दिवशी अख्खा पाडा बाजारात नाचायला जातो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

मी टेबलावर होतो. विषय होता समितीत सदस्य बदलण्याचा.

"तीन वरीस व्हयनात रूपलीबाईले," योगेंद्रभाऊ आपल्या अहिराणीत म्हणाले. "आते दुसराले बी संधी देवो ना भो! पाडानाच दलसिंगले ल्या."

"काब्र? ती मोजस म्हनीसन का?" मागून खालच्या आळीच्या वत्सलाबाईंनी विचारले. सभा हसली.

"वत्सलाबाई, तू चूप बठ व माय."

"मी चूपच शे, भाऊ. पन मन्हा दारनं गटार तिन्हामुयेच पुरं व्हयनं, तेवढं ध्यानमा ठेव."

हात वर झाले. रूपलीबाईचे नाव गेले, दलसिंगचे आले. दलसिंग तिथे नव्हताच. तो अतिशय मऊ माणूस. आजवर कुणाला 'नाही' म्हणालेला नव्हता, म्हणून तर त्याला घेतले.

पण योगेंद्रभाऊ सपाटीवरचे. दलसिंगने त्या होळीची पालनी धरली होती, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. पालनी म्हणजे पाड्यावरचे होळीचे व्रत. ते धरणाऱ्याने खाटेवर झोपायचे नाही, दारूला शिवायचे नाही, बाईचा स्पर्श होऊ द्यायचा नाही आणि खोटे बोलायचे नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे बंधाऱ्यावर आले. योगेंद्रभाऊंनी बाकी चौघांच्या सह्या झालेला कागद पुढे केला. "सही करी दे, दलसिंग. बठ्ठा मापं लिखेल शेतस."

दलसिंग अनवाणी उभा होता. खालच्या लोकांशी तो मराठीत बोले. "भाऊ, पालनी आहे मला. न मोजता सही केली तर खोटं होईल."

"सही म्हंजे काय बोलनं शे का?"

"नाव माझं, म्हणजे तोंड पण माझंच ना, भाऊ?"

"मंग होळीनंतर कर."

"होळीनंतर पण मोजूनच करीन."

मोजणे त्याला येत नव्हते. त्याने पाड्याकडे हाक मारून रूपलीबाईला बोलावले.

"ती आते समितीमा नही," नवनीत म्हणाला.

"टेप धरायला समिती लागते काय?" दलसिंगने विचारले. हे त्याने अगदी भोळेपणाने विचारले.

त्याने मला जमिनीवर ठेवले, कारण तिच्या हातात देता येत नव्हते. तिने उचलले. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती, आणि मध्ये मी ताणलेला. रूपलीबाईने आकडा वाचला, "साडेतेवीस." कागदावर सव्वीस मीटर होते. पलीकडच्या काठापर्यंत भिंत पोचलीच नव्हती. तिथे नुसती माती लोटून ठेवली होती. पावसाळ्यात पाणी तिथूनच वाट काढणार होते.

"तो टेप जुना शे," नवनीत म्हणाला. "वढी वढी लांबायेल शे. म्हनीसन कमी दखाडस."

मित्रांनो, मला तेव्हा फार भीती वाटली. कारण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कापडी टेप ताणून ताणून लांबतो, आणि लांबलेला टेप माप कमी दाखवतो. माझा तर स्वतःवर कधीच भरवसा नव्हता. माझ्यामुळे त्या बाईचा शब्द खोटा पडणार, असे मला वाटले.

"मग तुमचा काढा," रूपलीबाई म्हणाली.

नवनीतने गाडीच्या डिकीतून लोखंडी टेप आणला. आम्हा दोघांना शेजारी शेजारी पसरले. दहा मीटरपर्यंत आम्ही बरोबर होतो. वीस मीटरला चार बोटांचा फरक पडला. नवनीत हसला. रूपलीबाईने वाकून ती चार बोटे पुन्हा मोजली आणि मान हलवली.

"चार बोटं टेपची, खरं आहे," ती म्हणाली. "बाकीचे जवळजवळ अडीच मीटर कुणाचे, दादा?"

दलसिंगने कागदाची घडी करून तो योगेंद्रभाऊंना परत दिला.

बिल त्या मार्चमध्ये निघाले नाही. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, नवनीतने राहिलेली भिंत बांधली. तेव्हा दलसिंगची पालनी केव्हाच संपली होती, तरी तो मोजायला आला आणि मोजूनच सही केली. पावसाळ्यात पाणी थांबले. रूपलीबाईचे नाव मात्र समितीत परत आले नाही. कुणी सुचवले नाही, तिनेही मागितले नाही. समितीने नवा लोखंडी टेप घेतला. मला वर्षभर कपाटाखाली टाकून दिले होते. मग शाळेने नेले. आता मुले माझ्या मदतीने खो-खोचे मैदान आखतात.

माझी तक्रार नाही. फक्त एक विनंती आहे. मला वापरून झाले की पुसा, आणि ओढून ताणू नका. अधूनमधून मला दुसऱ्या टेपाशेजारी पसरून पाहा. मी चुकत असेन तर किती चुकतो ते माझ्या डबीवर लिहून ठेवा. मला त्याचे वाईट वाटणार नाही. आणि त्या नव्या लोखंडी टेपालाही एखाद्या दिवशी माझ्याशेजारी पसरून पाहा.