गावाची नऊ कार्डं

आमच्या गावात बँक नाही, एटीएम तर नाहीच. दुकान आहे, ते माझं. म्हणून दर महिन्याच्या सात तारखेला, पेन्शन जमा झाली की गावातल्या नऊ म्हाताऱ्यांची कार्डं पिशवीत घालून सकाळच्या बसने शहरात, सेवलिएव्होला, मीच जाते. अकरा वर्षं झाली. प्रत्येक कार्डाच्या मागे चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या शाईत त्याचा पिन. असं करू नये हे मला कळत नव्हतं असं नाही. पण म्हाताऱ्यांना आकडे आठवत नाहीत आणि मी काही कॅलक्युलेटर नाही.

ऑगस्टच्या शेवटी एक पोलीस येऊन सगळ्यांना बजावून गेला. पिन कुणाला सांगू नका. कार्ड कुणाच्या हातात देऊ नका. फोनवर ओळखीचा आवाज रडत सांगेल की घात झाला, लगेच अमुक करा, तमुक करा. तो फोन आधी ठेवून द्या. सगळ्यांनी शहाण्यासारखं ऐकून घेतलं, माझ्याच दुकानात बसून बिअर प्यायली, आणि सात तारखेला नऊच्या नऊ कार्डं माझ्या हातात आणून दिली. मी मनात म्हटलं, वाया गेला बिचाऱ्याचा दिवस.

त्सोंका मावशीचं कार्ड नेहमी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आणि दोऱ्याने बांधलेलं असतं. मी ते मशीनपाशीच सोडते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुढच्या बुधवारी ऑपरेशन होतं आणि त्यासाठी तिच्या मुलाने, ल्युबेनने, स्पेनहून वर्षभर थोडे थोडे पाठवलेले पैसे त्याच खात्यात होते.

तीन कार्डांचे पैसे काढून झाले. चौथी पुडी मावशीची. दोरा सोडला, कागद उलगडला, तर आत गेल्या वर्षीचं खिशातलं कॅलेंडर! तेवढंच, तसंच कडक, वर संत निकोलाचं चित्र.

मागे रांगेतला माणूस म्हणाला, "बाई, आटपा की." मी बाजूला झाले आणि पिशवी फुटपाथवर उपडी केली. कार्ड नव्हतं. मग आठवलं, बसमध्ये शेजारी कातडी टोपीवाला म्हातारा होता. सूर्यफुलाच्या बिया देत होता, गोड गोड बोलत होता, आणि घाट सुरू झाल्यावर माझा डोळा लागला होता. तोच! हाताला फरक कळू नये म्हणून कॅलेंडर घालून ठेवलंन!

मी तशीच स्टँडवर धावले. टोपीवाला बाकावर बसला होता. त्याची बाहीच धरली. "कार्ड काढ!"

"कसलं कार्ड गं बाई?"

"खिसे उलटे कर!"

त्याने निमूटपणे खिसे उलटे केले. मूठभर बिया, तिकीट आणि त्याचे खालचे दात. मला माफीसुद्धा मागता आली नाही. चोर दुसराच होता, आणि माझ्याच अक्षरातला पिन त्याच्या हातात होता. आत्ता, या मिनिटाला, तो कुठल्यातरी मशीनसमोर उभा असेल.

मी मावशीला फोन लावला. माझा आवाज कापत होता, रडू आवरत नव्हतं. "मावशी, घात झाला! तुझं कार्ड गेलं. आत्ताच्या आत्ता बँकेला फोन कर, बंद करायला सांग!"

पलीकडून मावशी कडाडली, "लाज नाही वाटत, भवाने? आमची रुसाना कधी रडत नाही!" आणि फोन आपटला. पुन्हा लावला तर उचलेचना.

बँकेत गेले. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "खातेदारानेच सांगायला हवं. तुम्ही कोण त्यांच्या?"

"मी दुकानदार."

"मग त्यांचा पिन तुमच्याकडे कसा?"

मी पिशवी आवळून बाहेर पडले.

पाच जणांची पेन्शन तशीच ठेवून दुपारच्या बसने परतले. मी माझं दुकान विकून भरून देणार होते का तिचे डोळे? आणि गाव काय म्हणेल, ते तर दिसतच होतं.

मावशी अंगणात पत्र्याच्या चुलीवर मिरच्या भाजत होती. मला बघताच सुरू झाली, "अगं, तुझ्या आवाजात एका सटवीचा फोन आला होता. हुबेहूब! चांगली झाडली मी तिला."

"ती मीच होते, मावशी. कार्ड चोरीला गेलं तुझं."

तिच्या हातातली मिरची खाली पडली. तिने हात पुसले आणि ॲप्रनच्या खिशातून कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. मागची चिकटपट्टी खरवडून काढलेली.

"तुला तोंडावर नाही म्हणवेना," ती पुटपुटली. "पुडी बघून परत येशील, मग सांगू म्हटलं. तुला चोरी वाटेल हे डोक्यातच आलं नाही."

माझं डोकंच फिरलं. "अकरा वर्षांत एक पै तरी इकडची तिकडे झाली का?"

"नाही झाली."

"मग मी चोर?"

"तू चोर नाहीस, रुसाने. पण तू बसमध्ये घोरतेस. सगळ्या गावाला माहीत आहे. आणि डोळे माझे जायचेत, तुझे नाहीत."

मी तरातरा निघून आले. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. खरं सांगायचं तर तिच्यावर राग होता त्याहून जास्त माझ्यावर होता.

ऑपरेशनच्या बुधवारी ती बस स्टॉपवर उभी होती, आणि मीही. तिला एकटीला कशी जाऊ देणार? बसमध्ये मी डोळे टक्क उघडे ठेवले.

मशीनपुढे ती म्हणाली, "आधी आकडा बदलायचाय. काय लिहिलंय ते वाच." मी वाचलं, बटण दाखवलं. तिने बोटाने चाचपत पाचाच्या बटणावरचा उंचवटा शोधला, दुसरा हात छपरासारखा वर धरला आणि थांबली.

"पाठ फिरव, रुसाने."

जुना आकडा मला तोंडपाठ होता, ल्युबेनचं जन्मसाल. त्याचं बारसं जेवलेली मी. तरी वळले. पाय रोवून, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिले. जवळून जाणाऱ्या एका पोराकडे असे डोळे वटारले की तो रस्ता ओलांडूनच गेला. मागे चार टिकटिक झाल्या, एकेक करून. मग पुन्हा चार.

"झालं," मावशी म्हणाली. "आता वळ. आणि डोळे पूस आधी, नाहीतर लोकांना वाटेल ती फोनवालीच आलीय."