सात चिठ्ठ्या

एसटी ड्रायव्हरची बायको दवाखान्याच्या दारात चपला काढताना दिसली, तशी ताईंनी चिठ्ठ्यांचं पॅड खणात सरकवलं.

त्या पॅडच्या पुढच्या वीसेक कोऱ्या कागदांवर दातांच्या डॉक्टरांनी आधीच सह्या करून ठेवल्या होत्या. दुखतंय म्हणून कुणाचा फोन आला की मदतनीस ताई सहीच्या वर तीच ती अँटिबायोटिकची कॅप्सूल लिहायच्या. पेशंटनं येऊन चिठ्ठी न्यायची. ड्रायव्हरला ड्युटीमुळे तपासणीच्या खुर्चीत बसायला कधी वेळच झाला नव्हता. परवा त्याच्या जबड्याची सूज गळ्यापर्यंत उतरली आणि त्याला हॉस्पिटलात ठेवावं लागलं.

बायकोनं मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. ताईंची नजर त्याच्यावरच खिळली. बोलणं टिपून घेतेय की काय?

"डॉक्टर आहेत?"

"आत पेशंट आहे. काय काम होतं?"

"तुमच्याशीच होतं खरं तर." तिनं आतल्या दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "दीड वर्षात किती वेळा नेली हो आम्ही चिठ्ठी?"

"असं कसं लक्षात राहील?" ताई म्हणाल्या. आकडा त्यांच्या जिभेवर होता. सात.

"राहू दे. हॉस्पिटलातला डॉक्टर सारखा खोदून विचारतो, आधी काय काय घेतलं? मी म्हटलं, काही नाही."

"काही नाही?"

"मग! तुमच्यावर बालंट यायला नको. अडीनडीला तुम्हीच धावता." ती पुढे झुकली. "मला तर तिथलं लक्षण धड दिसत नाही. तीन दिवस इंजेक्शनं चाललीत, सूज तसूभर हलत नाही. कालपासून घासही गिळवत नाही त्यांना. पू तपासायला पाठवलाय, अहवाल उद्या. तुम्ही आपली नेहमीची चिठ्ठी द्या ना. औषध गुपचूप देते त्यांना."

ताईंचा हात खणाच्या मुठीवर होता. तो त्यांनी काढून घेतला. खुंटीवरच्या कॅलेंडरचं मागचं पान फाडलं, त्यावर एकाखाली एक सात महिने लिहिले, प्रत्येकापुढे औषध, आणि किती दिवसांचं तेही. खाली लिहिलं, दात एकदाही तपासला नाही.

"हे त्यांना आत्ता सांगा. याच औषधानं जंतू निर्ढावले असतील तर त्यांना दुसरं द्यावं लागेल. उद्यापर्यंत थांबू नका."

बायकोनं कागद दोनदा वाचला.

"एकदाही नाही, खरंच. मग चिठ्ठी कशावर दिलीत?"

आतून डॉक्टरांनी हाक मारली. ताई उठल्या नाहीत.

बायकोनं मोबाइल उचलला, वॉर्डचा नंबर लावला आणि टेबलापलीकडून ताईंपुढे धरला.

"तुम्हीच सांगा, बाई. माझ्यावर आता ते विश्वास ठेवणार नाहीत."