भुकेची पट्टी

आमच्या कंपनीतल्या एकानेही धड जंगल पाहिलेलं नव्हतं. म्हणूनच बहुधा अमेरिकेतल्या लोकांनी जंगलाचं काम आम्हाला दिलं. साल अठ्ठ्याण्णव. कानडी मुलखातल्या पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत खाली लेथ मशिनं आणि वरच्या मजल्यावर आम्ही अकरा जण. गेम असा होता की एक लहान विमान कोसळतं, एकच माणूस वाचतो, आणि बर्फाळ रानात एक चाकू, दहा काड्या आणि एक पत्र्याचा डबा एवढ्यावर त्याने चाळीस दिवस काढायचे. विस्तव पेटवायचा, फासे लावून ससे धरायचे, बर्फ वितळवून पाणी उकळायचं, फांद्यांचा आडोसा करायचा. घरी स्टोव्हदेखील न पेटवणारी मुलं चकमकीचे प्रोग्राम लिहीत होती. मी सुखदा, पुण्याहून आलेली टेस्टर. त्या माणसाला दिवसातून वीस वेळा मारून बघणं हे माझं काम, आणि मला ते मनापासून आवडायचं.

भुकेचा भाग हयवदनकडे होता. हा इथल्याच बसवनगुडी भागातला, तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्या मराठी घराण्यातला. वडील नव्हते, घरी आई आणि हा. बँकेतली चांगली नोकरी सोडून आमच्याकडे आला होता आणि अजून कायम झाला नव्हता. माणूस गाईसारखा गरीब, पण आपल्या आकड्यांच्या बाबतीत ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. पडद्याच्या कोपऱ्यात त्याने भुकेची एक पट्टी बसवली होती. शून्य म्हणजे पोट भरलेलं, शंभर म्हणजे माणूस आडवा.

जुलैत तिकडून ईमेल आला. त्यांच्याकडची माणसं गेम खेळताना शिकारच करत नव्हती. झाडाखाली नुसती बसून राहायची आणि तीन दिवस काही न खाता पट्टी जेमतेम पंधरावर यायची. त्याहून विचित्र म्हणजे, उपाशी दिवसानंतर हा माणूस उजाडायच्या आत उठायचा आणि रोजच्या दुप्पट लाकडं फोडायचा. हा दोष समजावा का, असं त्यांनी फार सभ्यपणे विचारलं होतं. मला हे कसं सापडलं नाही? खरं सांगायचं तर मी त्या माणसाला कधी तीन दिवस जगूच दिलं नव्हतं. पहिल्याच दुपारी कड्यावरून ढकलायची.

आमचे साहेब शरच्चंद्र, नागपूरचे. त्यांनी हयवदनला समोर उभं केलं.

"काय रे भाऊ, उपाशी माणूस लाकडं फोडते का?"

"फोडतो की सर," हयवदन शांतपणे म्हणाला. "आमची अम्मा बघा. एकादशीला पाण्याचा थेंब घेत नाही. आणि द्वादशीला पहाटे चारला उठून अंगण, पूजा, सगळा स्वयंपाक. रोजच्यापेक्षा भराभर. लहानपणापासून बघतोय मी."

म्हणजे या गृहस्थाने भुकेचं माप आपल्या आईवरून काढलं होतं. तीन अमेरिकन पुस्तकं टेबलावर पडलेली असताना! आमच्या पुण्यात एकादशी अन् दुप्पट खाशी. माझ्या आईवरून माप काढलं असतं तर तो माणूस तिसऱ्या दिवशी अजीर्णाने मेला असता.

शरच्चंद्रांनी हात जोडले. "पुरावा पाठव. सोमवारपर्यंत. नाही पटला त्यांना, तर हा भाग दुसऱ्याकडे, आणि तू परत बँकेत." मुलाची साक्ष चालणार नव्हती, म्हणून मला पाठवलं. एकादशी नेमकी शनिवारी आली होती.

सकाळी आठला मी तक्ता घेऊन बसवनगुडीत हजर. हयवदनची आई, अनुसूयाबाई, पन्नाशीच्या, बारीक, लगबगीच्या. मी काकू म्हटलं, तर म्हणाल्या, "अम्मा म्हण ग, तेच सरी आहे, योग्य आहे." त्यांना मी तक्ता समजावला. दर दोन तासांनी मी विचारणार, भूक किती? त्यांनी शून्य ते शंभर यातला आकडा सांगायचा.

"शून्य," त्या लगेच म्हणाल्या. हयवदनने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

हयवदनला पित्त, त्यामुळे त्याला उपासातून सूट. त्याच्यासाठी आणि माझ्यासाठी त्यांनी उप्पिट्टू, म्हणजे आपलं उप्पीट, केलं. मिठाचा अंदाज न चाखता. दहाला मला कॉफी करून दिली, त्या कॉफीचा वास सगळ्या घरात भरला, आणि मी विचारलं तेव्हा आकडा शून्य. बाराला शून्य. दोनला त्या ओठांवरून पदर फिरवत म्हणाल्या, "शून्यच की. स्वल्पही नाही." अडीचला हयवदन साहेबांना फोन करायला कोपऱ्यावरच्या बूथवर गेला. जाताना शीळ घालत होता.

फाटकाचा आवाज झाला, आणि अम्मा माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.

"आता लिही," त्या म्हणाल्या. "दुसरा कागद घे. आठला तीस. दहाला, तुझी कॉफी उकळत होती तेव्हा साठ. बाराला ऐंशी. आता शंभरच्या वर काही नाही म्हणालीस ना? मग शंभर."

मी आकडे लिहून घेतले. "अम्मा, तुम्हाला भूक लागते?"

"लागती की ग. न लागायला मी काय दगड आहे?"

"मग पहाटे चारला उठून एवढं काम..."

"भुकेनं झोप कुठे लागती? पारणं लवकर व्हावं म्हणून हात भराभर चालतात. त्याला वाटतं अंगात देव येतो." त्या हसल्या. "व्रत माझं आहे, आनंदानं करते. त्याबद्दल तक्रार नाही. पण लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून भूक किती म्हणून कुणी विचारलं नव्हतं. तू कागद घेऊन आलीस, म्हणून म्हटलं, एकदा खरं सांगून टाकावं."

मला संताप आला. हयवदनचा आला, त्याच्या वडिलांचा आला, आणि सकाळपासून तक्त्यावर शून्यं मांडत दोनदा कॉफी प्यायले म्हणून स्वतःचाही आला. मी म्हटलं, हाच कागद पाठवते. त्यांनी माझा हात धरला.

"आणि त्याची नोकरी?"

मी कागद त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या कागदाच्या घडीवर घडी घालून त्यांनी तो बारीक फाडला आणि बंबात टाकला. हयवदन परत आला तेव्हा आम्ही दोघी शेजारणीच्या लेकीच्या लग्नाबद्दल बोलत होतो.

शून्यांचा तक्ता सोमवारी गेला. मला वाटलं होतं, तिकडचे लोक हसतील. कसले हसतात! त्यांचं उत्तर चार पानी होतं आणि त्यात 'अद्भुत' हा शब्द पाच वेळा होता. साध्या माणसाची भूक त्यांनी पुस्तकातल्यासारखी करून घेतली, पण सोबत एक नवीन पात्र मागितलं: पूर्वेकडची साध्वी. पांढरे केस, भगवं वस्त्र, उपासाने शक्ती वाढते. ते काम हयवदननेच करावं असा आग्रह होता. शरच्चंद्रांनी त्याला त्याच आठवड्यात कायम केलं.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, आमच्याकडे सगळ्यांच्या घरची माणसं यायची. खाली लेथला हार, वर कॉम्प्युटरला कुंकू आणि झेंडू. हयवदन अम्मांना घेऊन आला. त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं आणि गेम सुरू केला. बर्फात, झाडाखाली, भगव्या वस्त्रातली म्हातारी मांडी घालून बसली होती. आम्ही सगळे मागे गोळा झालो.

"बघ अम्मा, ही तू!" हयवदनचा चेहरा खरोखर उजळला होता. "सगळ्यांना पट्टी आहे. हिला पट्टीच नाही. काढून टाकली. हिला भूकच लागत नाही."

अम्मांनी पडद्याचा रिकामा कोपरा निरखून पाहिला.

"हिला कुणी जेवायला देऊ शकतं का?"

"गरजच नाही!" तो हसला, शरच्चंद्र हसले, सगळेच हसले.

"गरज नसू दे रे," अम्मा म्हणाल्या. "विचारायचं एक बटण तरी ठेवायचं."

हयवदनने लगेच खिशातली डायरी काढली आणि ती सूचना पुढच्या आवृत्तीसाठी टिपून घेतली.