दुसरा तक्ता

"उजवा डोळा झाक," मी म्हणालो.

दादाने उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि भिंतीवरच्या तक्त्याची सगळ्यात खालची, सगळ्यात बारीक अक्षरांची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. मी त्या ओळीवर अजून पट्टीसुद्धा ठेवली नव्हती.

बस डेपोतल्या ड्रायव्हरांचे डोळे तपासायचं काम मी बावीस वर्षं केलं. दर दोन वर्षांनी प्रत्येकाने माझ्यासमोरच्या खुर्चीत बसायचं, तक्ता वाचायचा आणि मी 'पास'चा शिक्का मारायचा. तक्ता सगळ्यांना पाठ होता. चहा देणाऱ्या म्हाताऱ्यालाही पाठ होता, आणि त्याला तर वाचताही येत नव्हतं. तक्ता ज्या फळीवर होता, तिच्याच मागच्या बाजूला वेगळ्या अक्षरांचा दुसरा तक्ता होता. संशय आला तर फळी उलटायची, असा नियम. मी ती कधीच उलटली नव्हती. ज्याच्या त्याच्या पोटाचा प्रश्न, आणि मी मुळातच भिडस्त. तेरी भी चूप, मेरी भी चूप, असा सगळा कारभार.

त्या सोमवारी मात्र मी ती उलटणार होतो. आदल्या दिवशी चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत पाळकांनी संदेश दिला होता की देवाला अर्धं मन चालत नाही. नऊ आज्ञा पाळून दहावी उशाखाली ठेवणारा माणूस देवाला मानत नाही, सोयीला मानतो. आणि 'पुढे बघू' म्हणणारा तर देवालाच टोलवतो. ते माझ्याकडे बघून बोलत नव्हते, तरी मला घाम फुटला. सहा दिवस खोटे शिक्के मारायचे आणि सातव्या दिवशी पहिल्या बाकावर बसून गळा काढून गायचं, हे माझं आयुष्य. मी गुडघे टेकले आणि प्रभूला शब्द दिला. कामावर गेल्या गेल्या, पहिल्या माणसापासून.

सकाळी यादी हातात आली. पहिलं नाव दादाचं होतं.

दादा म्हणजे माझा बापच. वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तो सोळा. शाळा सोडून तो ट्रकवर गेला आणि मला शिकवलं. हात जोडून प्रार्थना कशी करायची, तेही त्यानेच शिकवलं. आता निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ही त्याची शेवटची तपासणी.

मी फळी उलटली.

"वरून सुरू कर," मी म्हणालो.

सगळ्यात मोठं अक्षर त्याने सांगितलं. दुसऱ्या ओळीला तो खुर्चीतून पुढे झुकला. तिसऱ्या ओळीला त्याने डोळा बारीक केला, आणि मग हात खाली घेतला.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"तीन वर्षं. रस्ता पाठ आहे रे मला."

म्हणजे मागच्या खेपेलाही त्याला दिसत नव्हतं, आणि मी शिक्का मारला होता.

"रस्ता पाठ असतो, दादा. मध्ये येणारी माणसं पाठ नसतात."

त्याने उलटलेल्या फळीकडे पाहिलं. "कालच्या संदेशामुळे?"

"हो."

"सगळ्यांनाच उलटणार?"

"सगळ्यांनाच."

"मग उद्यापासून कर ना," तो म्हणाला. "आज सोड."

जन्मात त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. एका दिवसाने देवाचं काय अडणार होतं, हा प्रश्न तेव्हाही पडला आणि आजही पडतो.

"नाही जमणार, दादा."

"मग लिही," तो म्हणाला. "नीट लिही. खाडाखोड नको."

संध्याकाळपर्यंत दादा धरून अकरा जण नापास झाले. साहेब खोलीत आले आणि म्हणाले, "बस आता काय तुमचे पाळक चालवणार?" आठवड्याच्या आत मला प्रवाशांच्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. माझ्या जागी आलेल्या माणसाने फळी भिंतीला खिळे ठोकून पक्की केली आणि अकराही जणांना परत बोलावलं. दहा जण पास होऊन गाडीवर गेले. दादाही तपासणीला गेला होता, पण खुर्चीत बसलाच नाही. "मला दिसत नाही," असं उभ्याउभ्याच सांगून परत आला.

माझ्या आज्ञापालनाचं फळ हे असं. ज्यांना दिसत नाही ते दहा जण रस्त्यावर, आणि घरी बसला तो एकटा माझा भाऊ.

वहिनी आता इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभी असते. ती मला एकदाच बोलली. "भावोजी, देव तुम्हा दोघांचा, आणि राबायचं मी." पाळक म्हणाले, धीर धरा, शांती मिळेल. ती मिळाली नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण चर्चमध्ये साक्ष द्यायला उभे राहणारे लोक नेमका हा भाग गाळतात. मी रोज प्रार्थना करतो. पलीकडे कोणी ऐकतंय असं वाटत नाही. तरी करतो.

दर शनिवारी दुपारी मी दादाकडे जाऊन बसायचो. सात महिने तो माझ्याशी बोलला नाही. गेल्या शनिवारी वहिनी कामावर होती.

"पायाची नखं काढून दे," तो अचानक म्हणाला. "तिला वेळ नसतो. मी काढायला गेलो तर अंगठा कापला."

मी टबात कोमट पाणी आणलं, त्याचे पाय भिजवले आणि जमिनीवर बसलो. नखं जाड झाली होती. अंगठ्यावर वाळलेली जखम होती, तिथे मी जपून कापत होतो.

"तुझ्याशी बोलला का रे देव काही?" त्याने विचारलं.

"नाही."

"माझ्याशीपण नाही."

मी पुढच्या बोटाकडे वळलो.

"ऑफिसात दिसत नाही म्हणून सांगून टाकलं ना, तेव्हा वाटलं होतं, बाहेर पडल्यावर हलकं वाटेल."

"वाटलं?"

"स्टॉपवर उभा राहिलो. कुठली बस आली, ते एका बाईला विचारावं लागलं. माझ्याच मार्गाची होती."

करंगळीचं नख काढून झालं. मी पाय टॉवेलने पुसला, बोटांच्या मधूनही पुसला, आणि खाली ठेवला. दादाने दुसरा पाय पुढे केला.