उशीचा अभ्रा

घरात तिला ढेकूळ म्हणायचे. नाव आईनंच ठेवलेलं. लग्नाच्या वयात पोरगी मातीवर पीएच.डी. करत बसलेली, दुसरं काय म्हणणार?

काम दिसायला सोपं. सुती कापडाचे तुकडे वावरात पुरायचे आणि तीन महिन्यांनी उकरायचे. माती जिवंत असली की कापड खाते, मेलेली असली की तसंच ठेवते. पुरताना एक तुकडा कमी पडला. आईनं उशीचा जुना अभ्रा टराटरा फाडून दिला. म्हणाली, "शंभर टक्के सुती. कापडात मला कोणी फसवत नाही."

मधल्या दिवसांत आई गेली. ढेकूळ रडली नाही. कोणी काही बोललं की "बरं" म्हणायची, बस.

उकरायच्या दिवशी तिनं खुरपं चालवलं. सगळ्या तुकड्यांची चाळणी झालेली. अभ्रा मात्र जसाच्या तसा, धुवून वाळत घालावा असा.

बरोबरची मैत्रीण म्हणाली, "शेजारच्या खड्ड्यात किती कापड खाल्लं गेलं, तोच आकडा इथं लिहून टाक गं. नाहीतर अख्खा हंगाम पुन्हा राबावं लागेल."

"नको," म्हणाली, आणि तुकडा सरांपुढे ठेवला.

सरांनी तो बोटांत चोळला. "अगं, यात नायलॉन आहे. माती बिचारी काय खाणार? आपलंच कापड घे आणि पुन्हा पुर."

"बरं."

वर्ष लांबलं. तिला त्याचंही काही वाटलं नाही.

घरी बाबांनी ऐकून घेतलं. अभ्र्याचा एक धागा ओढला, गॅसवर धरला. धागा आक्रसला आणि त्याचा काळा मणी होऊन ओट्यावर पडला.

"सुताची राख झाली असती," बाबा म्हणाले. "म्हणजे दुकानदारानं गंडवलंच तिला. आणि जन्मभर मला ऐकवायची, तुम्हाला कापडातलं काय कळतं."

"दुकानात घासाघीस पण केली असेल."

"तासभर. मी बाहेर उभा."

बाबा हसायला लागले. खांदे हलले, ते मग थांबेनात. तोंड भिंतीकडे केलं त्यांनी.

तिनं गॅस बंद केला. ओटा पुसावा म्हणून मणी चिमटीत उचलला. तो अजून गरम होता.

"भाजलं," ती म्हणाली. मग बोटाकडे बघत पुन्हा, "बाबा, भाजलं मला."