घरच्या पोरांचा सामना

कुंडलात कुस्ती न कळणारा माणूस शोधून सापडायचा नाही. फुटबॉल कळणारे मात्र बोटावर मोजण्याइतके, आणि त्यांतला पहिला मुजीब वेल्डर.

गेल्या ऑगस्टात ग्रिलं जोडता जोडता त्यानं मोबाइलवर आफ्रिकेतली ती चॅन स्पर्धा पाहिली. तिचा नियम लाखात एक: जो खेळाडू आपल्याच देशातल्या क्लबात खेळतो, तोच देशाकडून उतरणार. युरोपात नाव कमावलेले बडे खेळाडू बसून बघणार. मादागास्करची पोरं फायनलला पोचली तेव्हा मुजीबनं हातातलं काम टाकलं आणि दुकानात एकटाच नाचला.

दिवाळीत होणाऱ्या फुटबॉल स्पर्धेसाठी मंडळाची बैठक बसली, तिथं त्यानं हे बोलून टाकलं. "औंदा आपुन बी तसंच करू. जो गावात ऱ्हातो तोच गावाकडनं खेळंल. पुण्या-मुंबईची न्हाईत, भाड्यानं आणल्याली बी न्हाईत."

अध्यक्ष होते नानासो ऊसवाले. त्यांनी डोळे बारीक केले. "खेळा. पर कप गेला तर पुढच्या वर्सी बाहेरची पोरं आणणार, आन् तुमी पाणी वाटायचं."

इथवर सगळं ठीक होतं. घोडं पेंड खात होतं ते मुजीबच्या घरातच. त्याचा धाकटा भाऊ अजहर पुण्यात एका क्लबाचा गोलकीपर. तो सुट्टीला आला की गोलात तो आणि बाकावर मुजीब, असं वर्षानुवर्षं चाललेलं. नव्या नियमानं अजहर बाहेर गेला आणि मुजीब गोलात आला. मग काय, चहाच्या टपरीवर तोंडं सुटली. "भावाला बसवायला आफ्रिका काढली गड्यानं!"

मुजीब सगळ्यांना खडसावून सांगायचा की नियम घरच्या पोरांसाठी आहे. पण एकटा असला की त्याचं त्यालाच खरं वाटेना. गोलात उभं राहायची हाव त्याला होतीच की! त्यात अजहर दिवाळीला आला, जेवला, आणि स्पर्धेबद्दल चकार शब्द बोलला नाही. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर मुजीबला जास्त बरं वाटलं असतं.

आणि बघता बघता घरची पोरं फायनलला पोचली! समोर म्हसवड, तीही सगळी गावात राहणारी. मैदानाभोवती मुंगीला शिरायला जागा नाही. हलग्या कडाडत होत्या. दुधाची गाडी चालवणाऱ्या साईराजनं असा काही गोल मारला की म्हसवडचा गोलकीपर नुसता बघतच राहिला. एक-शून्य. आता एवढी आघाडी टिकवायची, की कप कुंडलात.

सामना संपायला आला आणि नेमकी म्हसवडला पेनल्टी मिळाली.

मुजीब गोलरेषेवर उभा राहिला. बाकावर बसलेल्या अजहरकडे बघायचं त्यानं टाळलं. शिट्टी वाजली, म्हसवडच्या गड्यानं चेंडू हाणला, आणि मुजीबनं अंग झोकून दिलं. चेंडू त्याच्या पंजाला लागून पुढं उसळला.

"चितपट!" ज्ञानूआप्पांनी आरोळी ठोकली.

आप्पा म्हणजे गावचे जुने पैलवान. त्यांनी आरोळी ठोकली की अर्धं कुंडल आखाड्यात उतरतं, तसं ते आत्ताही उतरलं. चेंडू अजून मैदानात टप्पे घेत होता, म्हसवडचा गडी त्यावर धावून येत होता, पण त्याच्या वाटेत आता हलगीवालेच नाचत होते. मुजीबला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं. आप्पांनी स्वतःचा फेटा उतरवून त्याच्या डोक्याला गुंडाळला. आठवण म्हणून कुणीतरी त्याचे ग्लोव्हजसुद्धा ओढून पळवले.

"आवं, खाली सोडा! संपली न्हाई अजून!" मुजीब घसा फोडून ओरडत होता. हलगीपुढं त्याचं कोण ऐकणार?

सामन्यासाठी जतहून आलेले पंच शिट्टी वाजवून लालेलाल झाले. "पेनल्टी पुन्हा!"

"आवं पंच," आप्पा पुढं झाले, "एकदा पाठ लागल्यावर पुन्हा कुस्ती लावत्यात व्हय?"

"आप्पा, ही कुस्ती न्हाई. चेंडू सुटला हुता, त्येंचा गडी मारायला येत हुता, आन् तुमी मधी नाचत हुता."

आप्पांचा चेहरा पडला. आपल्या हातानं आपल्या गावाचा घात झाला, हे त्यांना कळून चुकलं. त्यांनी मुजीबच्या डोक्यावरचा आपला फेटा काढून काखेत मारला आणि गर्दीला रेषेबाहेर हाकललं. "पंचांनी सांगस्तवर जो हललं त्याची तंगडी मोडीन!"

मुजीब गोलात उभा राहिला, तो उघड्या हातांनी. ग्लोव्हज कुणी नेले याचा पत्ता नव्हता. तेवढ्यात बाकावरून अजहर उठला. पुण्याची बॅग उघडून त्यानं स्वतःचे ग्लोव्हज काढले आणि गोलापाशी आला.

"नियम माणसाला हाय भाई, ग्लोव्हजला न्हाई."

"रागावलायस न्हवं?"

"लय. पर आज तुज्या बाकावर बसलो." अजहरनं त्याच्या मनगटाचा पट्टा आवळला. "कसा बसलास रं इतकी वर्सं?"

मुजीबला रडायला वेळ नव्हता. म्हसवडच्या गड्यानं धाव घेतली. चेंडू सुसाट आला, मुजीब डावीकडं झेपावला, आणि या खेपेला त्यानं चेंडू छातीशी असा कवटाळला की ओढूनही सुटला नसता. पंचांनी सामना संपल्याची लांब शिट्टी दिली.

पण मैदानात चिडीचूप! सगळी गर्दी आप्पांकडे बघत होती आणि आप्पा पंचांकडे. जागचं कुणी हलायला तयार नाही. जिंकलेला मुजीब चेंडू घेऊन भल्या मोठ्या मैदानात एकटाच उभा.

"आवं, या की आता!" तो ओरडला.

पंच हसले, त्यांनी हात हलवला, आणि कुंडल लोटलं. सगळ्यांत आधी पोचला अजहर. भावाला त्यानंच खांद्यावर उचललं. मागून नानासो धापा टाकत आले. "मुजीब, पुढच्या वर्सी बी घरचीच पोरं!"

"आन् पाणी मी वाटणार," खालून अजहर म्हणाला.

आता मात्र मुजीब रडला, अगदी मोठ्यानं, गावासमोर, आणि हलगीमुळं ते फक्त अजहरला ऐकू आलं.